अळणीच बरं!

कोल्हापुरात मटण शिजलं की तांबड्या-पांढऱ्याची तयारी सुरू होण्याआधी वाटीभर अळणी बाजूला काढतात. तिखट न पडलेलं, नुसतं मटण शिजलेलं पाणी. घरातल्या लहान पोराला, तापातून उठलेल्या माणसाला किंवा तालमीतून आलेल्या पैलवानाला ते आधी मिळतं. जवळपास दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये मिशेल युजेन शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ मांसाच्या अशाच पाण्यात काय काय उतरतं ते तपासत होता. 1832 मध्ये त्यातून त्याच्या हाती एक नवा पदार्थ लागला. ग्रीक भाषेत मांसाला ‘क्रेआस’ म्हणतात, त्यावरून त्याने नाव ठेवलं क्रिएटिन. शेव्रल वयाच्या 102 व्या वर्षापर्यंत जगला. ही गोष्ट अजून कुठल्या डब्यावर छापलेली दिसत नाही, हे नशीबच.

आता तेच क्रिएटिन विकत घ्यायला एखाद्या सप्लिमेंटच्या दुकानात जाऊन पाहावं. भिंतभर डबे. मोनोहायड्रेट, मायक्रोनाइज्ड, एचसीएल, बफर्ड, नायट्रेट, गोळ्या, कॅप्सूल, चघळायच्या गमी. चवींत कलिंगडापासून काला खट्टापर्यंत सगळं. समोर वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा ट्रेनरने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो कपाटातल्या डब्याशी ताडून पाहत असतो. दुकानदार त्याच्या चेहऱ्याकडे बघून म्हणतो, “मोनो तर बेसिक आहे दादा. हे घ्या, ह्याने पाणी धरत नाही.” ‘बेसिक’ हा शब्द तो अशा सुरात उच्चारतो, की मुलाला आपल्या खिशाचीच लाज वाटावी.

गंमत अशी की या भिंतीवर सर्वांत जास्त अभ्यास झालेला, सर्वांत भरवशाचा आणि बहुधा सर्वांत स्वस्त माल म्हणजे तो ‘बेसिक’ मोनोहायड्रेटच. बिनचवीचा, पांढरा, एकच घटक असलेला. बाकी डबे त्याहून चांगले आहेत हे आजवर कुणाला नीट दाखवता आलेलं नाही. क्रिएटिनचा प्रकार निवडणं हे पाच मिनिटांचं काम आहे. अवघड प्रश्न दोन उरतात, आणि त्यांच्याविषयी दुकानात फारसं कुणी बोलत नाही: आपल्याला ते हवंय का, आणि डब्यावर लिहिलंय तेच आत आहे का?

पहिल्या प्रश्नासाठी क्रिएटिन स्नायूत नेमकं काय करतं ते पाहावं लागतं, आणि त्या गोष्टीत एक भारतीय माणूस आहे. येल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातल्या भीमावरमचे, जन्म 1895 चा. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, मग बोस्टनला पोहोचले आणि पोटासाठी रुग्णालयात रात्रपाळीची हलकीसलकी कामं करत हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. त्या काळी स्नायू आकुंचन पावण्यासाठी लागणारी ऊर्जा लॅक्टिक आम्लाच्या प्रक्रियेतून थेट येते, असं मानलं जाई. त्या कामाला 1922 चं नोबेलही मिळालं होतं. 1927 मध्ये फिस्क आणि सुब्बाराव यांनी मांजराच्या स्नायूंत एक नाजूक संयुग शोधलं. स्नायूला काम दिलं की ते मोडायचं, विश्रांती दिली की पुन्हा जुळायचं. ते होतं फॉस्फोक्रिएटिन. म्हणजे शेव्रलच्या अळणी पाण्यातला पदार्थ फॉस्फेटची पुरचुंडी कमरेला बांधून स्नायूत बसलेला असतो, आणि ऐन वेळी ती सोडून देतो. सुब्बारावांना हार्वर्डने कायमची जागा दिली नाही. ते लेडर्ली कंपनीत गेले आणि तिथे त्यांच्या चमूच्या हातून हत्तीरोगावरचं, कर्करोगावरचं औषध घडलं. आज ज्या जिममध्ये क्रिएटिनचा डबा हलवला जातो, तिथे हे नाव कुणी ऐकलेलं असण्याची शक्यता जवळपास शून्य.

ऐन वेळ म्हणजे कोणती? कबड्डीतली चढाई तीस सेकंदांची असते. त्यातही खरा जीव लागतो तो पाच-सात सेकंदांत: बोनस रेषेवर पाय टाकायचा, कुणीतरी घोट्याला हात घातला की झटका मारून मध्यरेषेकडे झेपावायचं. या झटक्याला लागणारी ऊर्जा एटीपी या रेणूतून येते, आणि स्नायूत एटीपीचा साठा जेमतेम दोन-तीन सेकंदांचा. तो संपत आला की फॉस्फोक्रिएटिन आपली पुरचुंडी पुढे करतं आणि एटीपी पुन्हा तयार होतं. साधारण दहा सेकंद ही उधारी चालते. नंतर शरीर साखर जाळण्याच्या संथ वाटेला लागतं. मग खेळाडू मागे येऊन श्वास घेतो, तेवढ्यात पुरचुंडी पुन्हा भरू लागते. अर्ध्या मिनिटात निम्मी, तीन-पाच मिनिटांत बहुतेक सगळी.

वरून क्रिएटिन घेतलं की स्नायूतला हा साठा थोडा मोठा होतो. एवढंच. वजन उचलणाऱ्याला एखादा सेट जास्त निघतो, शेवटच्या दोन आवर्तनांत हात कमी थरथरतो. असं आठवड्यांमागून आठवडे झालं की केलेला जास्तीचा व्यायाम अंगी लागतो. व्यायाम न करणाऱ्याच्या अंगी लागायला इथे फारसं काही नाही.

म्हणूनच पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी थोडा हिशेब करावा. महाराष्ट्रात मुलांच्या मैदानी चाचणीत 1600 मीटर धावण्याला 20 गुण, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15. गोळा आणि शंभर मीटर हे क्रिएटिनच्या घरचं काम. सोळाशे मीटर नव्हे. उलट क्रिएटिनने पहिल्या काही दिवसांत स्नायूंत पाणी ओढलं जाऊन किलो-दीड किलो वजन वाढतं, आणि ते वजन चार फेऱ्या अंगावर वागवावं लागतं. भरती पंधरा दिवसांवर आली असताना मित्राच्या सांगण्यावरून डबा फोडणं हे त्यामुळे शहाणपणाचं नाही. साताऱ्याच्या घाटात अर्धमॅरेथॉन धावणाऱ्यालाही तोच हिशेब लागू.

क्रिएटिन पूड म्हणून घेतल्यावर स्नायूत खरंच साठतं, हे स्वीडनमध्ये रॉजर हॅरिस, एरिक हुल्टमन आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये दाखवलं. त्याच वर्षी बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या लिनफर्ड ख्रिस्टीने 100 मीटरचं आणि सॅली गनेलने 400 मीटर अडथळ्यांचं सुवर्ण जिंकलं. दोघांनीही क्रिएटिन घेतल्याच्या बातम्या ब्रिटिश वृत्तपत्रांत छापून आल्या आणि बाजार उठला. ते प्रतिबंधित तेव्हाही नव्हतं, आजही नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत क्रिएटिन नाही.

आता मात्रेकडे. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात साधारण 120 ग्रॅम क्रिएटिन असतं, त्यातलं 95 टक्के स्नायूंत. रोज दोनेक ग्रॅम झिजून लघवीवाटे जातं. एक ग्रॅमच्या आसपास शरीर स्वतः बनवतं, उरलेलं मांस-मासळीतून यावं लागतं. किलोभर कच्च्या मटणात ते चार-पाच ग्रॅम. म्हणजे दिवसाला तीन ग्रॅम जेवणातून मिळवायचं तर सहाशे-सातशे ग्रॅम मटण रोज हवं, आणि फार वेळ उकळलं तर त्यातलाही काही भाग वाया जातो. कोल्हापूरकराने मनावर घेतलं तरी हे महिनाभर परवडणार नाही.

डब्यावर मात्र पहिला आठवडा ‘लोडिंग’चा सांगितलेला असतो, रोज 20 ग्रॅम. याने साठा लवकर भरतो हे खरंच आहे. पण 1996 मध्ये हुल्टमन यांच्याच गटाने दाखवलं की रोज तीन ग्रॅम घेऊन 28 दिवस थांबलं तरी स्नायू तितकेच भरतात. सहा दिवसांचं लोडिंग म्हणजे 120 ग्रॅम पूड. 28 दिवसांचा संथ मार्ग म्हणजे 84 ग्रॅम. अडीचशे ग्रॅमच्या डब्याचा जवळजवळ अर्धा भाग पहिल्या आठवड्यात संपवायला सांगण्यात कुणाचं भलं आहे, हे वेगळं सांगायला नको. शिवाय एकदम वीस ग्रॅमने पोट बिघडतं ते निराळंच. रोज तीन ते पाच ग्रॅम, सकाळी किंवा संध्याकाळी, विसरायचं नाही अशा वेळी. युरोपीय संघाने क्रिएटिनच्या डब्यावर छापायला परवानगी दिलेला दावाही रोजच्या तीन ग्रॅमचाच आहे, आणि तोही पुन्हा पुन्हा करायच्या छोट्या, जोरकस कामापुरता.

प्रकारांचं आता उरकून टाकू. मोनोहायड्रेटच्या वजनात 88 टक्के क्रिएटिन असतं, उरलेलं पाणी. एचसीएलमध्ये ते 78 टक्के. एचसीएल पाण्यात छान विरघळतं यात शंका नाही. पण पेल्यात विरघळणं आणि स्नायूत पोहोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मोनोहायड्रेट आतड्यातून जवळपास पूर्ण शोषलं जातंच. त्यामुळे पाऊण ग्रॅम एचसीएल पाच ग्रॅम मोनोच्या बरोबरीचं, या दाव्याला आधार नाही. बफर्ड प्रकार 2012 मध्ये 36 जणांवर मोनोहायड्रेटशी तुलना करून पाहिला गेला, सरस ठरला नाही. इथाइल एस्टर नावाचा एक प्रकार मध्यंतरी फार गाजला. 2009 च्या अभ्यासात दिसलं की त्याने स्नायू भरण्याऐवजी रक्तातलं क्रिएटिनिनच वाढतं, म्हणजे महाग पैशात कचरा. द्रवरूप क्रिएटिन बाटलीतच झिजतं. मायक्रोनाइज्ड म्हणजे तीच पूड, फक्त बारीक दळलेली. रवा आणि बारीक रवा यांत असतो तेवढाच फरक. गमींचं तर विचारूच नये. अमेरिकेत झालेल्या खाजगी तपासण्यांत कित्येक गमींमध्ये सांगितल्यापेक्षा पुष्कळ कमी क्रिएटिन निघालं. आणि ती पुरेशी असली तरी तीन ग्रॅमसाठी गोड गोळ्या रोज चघळायच्या कशाला?

काहींना पेल्याच्या तळाशी पांढरा गाळ दिसला की डबा नकली वाटतो. खरं तर लिटरभर साध्या पाण्यात साधारण 14 ग्रॅमच मोनोहायड्रेट विरघळतं, म्हणजे तीन ग्रॅमला दोनशे मिलिलिटरहून थोडं अधिक पाणी लागणारच. शेकरमध्ये घोटभर पाणी घेऊन चमचा टाकला की खडूची पूड होणार. खऱ्या मोनोहायड्रेटचंही असंच होतं.

जाहिरातीतला दुसरा लाडका शब्द ‘रिकव्हरी’. इथे थोडं सावध व्हायला हवं. दोन सेटमधल्या विश्रांतीत पुरचुंडी लवकर भरणं ही एक रिकव्हरी, ती क्रिएटिनचीच. पण पायांचा व्यायाम केल्यावर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जी ठसठस होते ती वेगळी, आणि तिच्यावर क्रिएटिनचा परिणाम फार तर किरकोळ. तिला झोप आणि पोटभर प्रथिनं लागतात. 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने 54 जणांना बारा आठवडे व्यायाम करायला लावला, निम्म्यांना रोज पाच ग्रॅम क्रिएटिन दिलं. दोन्ही गटांत चरबीविरहित वजन साधारण दोन किलोंनी वाढलं. क्रिएटिनवाल्यांची पहिल्या आठवड्यात दिसलेली आघाडी अर्धा किलोची, बहुधा पाण्याची. याउलट वयस्कांवरच्या 22 अभ्यासांचा 2017 मध्ये एकत्र आढावा घेतला, तर वजनांच्या व्यायामासोबत क्रिएटिन घेणाऱ्यांची चरबीविरहित वाढ सरासरी 1.37 किलोंनी जास्त निघाली. तेव्हा पंचविशीतल्या पोरापेक्षा खुर्चीतून उठताना हाताचा टेकू घेणाऱ्या त्याच्या आजोबांना या डब्याचा उपयोग कदाचित जास्त असेल. दुकानातल्या एकाही पोस्टरवर मात्र आजोबा नसतात.

आजोबांच्या आधी घरात वडिलांचा प्रश्न येतो. डब्यावरचं नाव वाचून ते म्हणतात, “अरे, हे तर किडनीचं!” मधुमेह आणि डायलिसिस घरोघरी पोहोचलेल्या या राज्यात ‘क्रिएटिनिन वाढलं’ हे वाक्य सगळ्यांच्या ओळखीचं आहे. क्रिएटिनिन हे झिजलेल्या क्रिएटिनचं रूप. मूत्रपिंडं नीट गाळत असतील तर ते रक्तात साचत नाही, म्हणून त्यावरून मूत्रपिंडाचा अंदाज बांधतात. पण वरून क्रिएटिन घेणाऱ्याच्या किंवा दणकट स्नायूंच्या माणसाच्या रक्तात ते मुळातच थोडं जास्त असू शकतं. गाळणी चांगली असते, माल जास्त आलेला असतो. मुलाने रक्त देताना ‘मी क्रिएटिन घेतो’ हे डॉक्टरांना सांगितलं नाही, की 1.4 चा आकडा येतो, घरात रात्रभर दिवा जळतो आणि डबा कचऱ्यात जातो. शंका असेल तर डॉक्टर सिस्टॅटिन सी ही दुसरी तपासणी सांगू शकतात. तिच्यावर स्नायूंचा असा प्रभाव पडत नाही. निरोगी माणसाच्या मूत्रपिंडाला नेहमीच्या मात्रेने इजा झाल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. ज्याला मूत्रपिंडाचा आजार आधीपासून आहे, त्याने मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. शाळकरी मुलांना तर घाई करण्याचं कारणच नाही.

क्रिएटिनने केस गळतात या भीतीचं मूळ 2009 च्या एका लहानशा अभ्यासात आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या वीस रग्बी खेळाडूंत एक संप्रेरक वाढलेलं दिसलं. केस कुणी मोजलेच नव्हते. (पार्लरमधलं केराटिन वेगळं. दोन्हींची गल्लत करणारे लोक कमी नाहीत.)

माळकऱ्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. नाव मांसावरून पडलं असलं तरी डब्यातल्या पुडीत मांसाचा कण नसतो. ती कारखान्यात सार्कोसिन आणि सायनामाइड या रसायनांपासून बनते. कॅप्सूल घेतली तर तिचं कवच जिलेटिनचं नाही ना, एवढं पाहावं. दूध-तूप-बदामाच्या खुराकावर घडलेल्या शाकाहारी पैलवानाच्या आहारात क्रिएटिन नावालाच असतं, दुधात ते फारच थोडं. त्यामुळे त्याच्या स्नायूंत जागा जास्त रिकामी, आणि पुडीचा फायदाही सहसा त्यालाच अधिक दिसतो.

राहिला डब्याच्या आतला प्रश्न. जर्मनीतल्या कोलोनच्या उत्तेजक तपासणाऱ्या प्रयोगशाळेने 2000-01 मध्ये 13 देशांतून 634 सप्लिमेंट गोळा करून तपासली. 94 मध्ये, म्हणजे जवळपास पंधरा टक्क्यांत, वेष्टनावर न लिहिलेली संप्रेरकं सापडली. स्पर्धेत उतरणाऱ्याच्या नमुन्यात असं काही निघालं तर ‘डब्यावर लिहिलं नव्हतं’ ही सबब त्याला वाचवत नाही. अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच. म्हणून स्पर्धकाने ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’सारख्या, बॅच तपासणाऱ्या प्रमाणपत्राचाच डबा घ्यावा आणि बॅच क्रमांक जुळवून पाहावा. हौशी माणसाने निदान एवढं पाहावं: घटकांत एकच नाव, क्रिएटिन मोनोहायड्रेट. एका मात्रेत ते किती ग्रॅम, हे स्पष्ट लिहिलेलं. आयात माल असेल तर आयातदाराचं नाव आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) चौदा आकडी परवाना क्रमांक. जर्मनीत ट्रोस्टबर्गला बनणाऱ्या ‘क्रिएप्युअर’चा शिक्का असेल तर शुद्धतेची चिंता कमी, पण त्याचे पैसे मोजावे लागतात. जगातलं बहुतेक क्रिएटिन चीनमध्ये बनतं आणि त्यात उत्तम मालही असतो. प्रश्न देशाचा नाही, तपासणी अहवालाचा आहे.

आणि इथेच आपली व्यवस्था कमी पडते. परवाना क्रमांक सांगतो की उत्पादक नोंदणीकृत आहे. हातातल्या डब्यात काय आहे ते तो सांगत नाही. प्रत्येक बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल डब्यावरच्या क्यूआर कोडमागे ठेवणं कंपन्यांना अवघड नाही, काही जण ते करतातही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ते सगळ्यांना सक्तीचं करावं. जिममध्ये ट्रेनरनेच डबे विकायचे आणि त्यावर कमिशन खायचं, ही पद्धत तर उघड हितसंबंधाची आहे. व्यायाम शिकवणारा आणि माल खपवणारा एकच असला, की ‘तुला याची गरज नाही’ हे वाक्य त्या जिममध्ये कधीच ऐकू येत नाही. तालमीतला वस्ताद खुराक सांगायचा, पण बदाम त्याच्या दुकानातले नसायचे.

पैशांचा हिशेब दुकानातच मोबाइलवर करता येतो. समजा, 250 ग्रॅमचा साधा डबा 750 रुपयांना आहे. ग्रॅमला तीन रुपये, रोजचे नऊ. वडापावही एवढ्यात येत नाही. शेजारच्या चवदार डब्याचं वजन पाहताना मात्र त्यातली साखर, रंग आणि आंबटपणा वजा करायचा. चमचा सात ग्रॅमचा आणि त्यात क्रिएटिन तीनच, असं निघू शकतं. घरच्या वजनकाट्यावर पहिल्यांदा एकदा तीन ग्रॅम मोजून घेतलं, की आपल्या चमच्यात ते कुठवर येतं ते लक्षात राहतं. मग मोठा पेलाभर पाणी, एक ढवळण. तळाशी गाळ उरलाच तर आणखी घोटभर पाणी ओतून, पेला गोल फिरवून तोही पिऊन टाकायचा.